शब्दचर्चा : ‘व्रात्य’ मूल आणि ‘सामावून घेणं’

शिक्षिका, कळवा : वर्णनात्मक नोंदी लिहिताना अडले आहे. तिसरीतला मुलगा. बाकडी सरकवल्याचा आवाज झाला की कानांवर हात ठेवून वर्गाबाहेर धावतो. मागच्या वर्षीच्या नोंदीत एकच शब्द आहे, ‘व्रात्य’. मला तो लिहवत नाही. व्रात्य म्हणजे नेमकं काय? आणि ‘समावेशक शिक्षण’ म्हणावं की ‘सर्वसमावेशक’?

वाचक, ऐरोली : बाई, आज आपण ‘व्रात्य’ खोडकर या अर्थी, पुष्कळदा लाडानंही म्हणतो. मूळ अर्थ मात्र बोचरा आहे. ठरलेल्या वयात मुंज न झालेला, म्हणून समाजानं दूर ठेवलेला तो व्रात्य. मनुस्मृतीत तो असाच येतो. (अथर्ववेदाचं पंधरावं कांड उलट व्रात्याचा गौरव करतं, तो वेगळा विषय.) बाहेर ठेवलेल्याचा शब्द आपण वर्गातल्या पोराला लावतो, हे कळल्यापासून तो माझ्या तोंडी येत नाही.

एक आई, घोडबंदर रोड : हूड, अवखळ, खट्याळ यांत माया आहे, वात्रटमध्ये राग. पण सगळ्यांत मूल हे मजेखातर करतं असं धरलेलं आहे. माझी मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. मिक्सर लावला की तिचंही असंच होतं, त्यात मजा कसली? तुमचा मुलगा स्वमग्न आहे असं मी म्हणत नाही, ते तपासणाऱ्यांनी सांगावं. तुम्ही फक्त घडतं ते लिहा : कशानं होतं, काय केल्यावर शांत होतो. पुढच्या वर्षीच्या बाईंना त्याचा उपयोग होईल. ‘व्रात्य’ वाचून त्या नुसत्या सावध होतील.

वाचक, ऐरोली : दुसऱ्या प्रश्नाचं. ‘समावेशक’ पुरेसा आहे. दिव्यांग मुलांसाठीची १९७४ची केंद्राची योजना ‘एकात्म शिक्षणा’ची होती, जुळवून घ्यायचं ते बहुतेक मुलानंच. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या ‘समावेशक शिक्षणा’च्या व्याख्येत दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात आणि शिकवण्याची पद्धत दिव्यांग मुलांच्या गरजांप्रमाणे बदलते. तरी ‘समावेश’ म्हटलं की मला यादी आठवते, पटावर नाव चढलं की झालं. ‘सामावून घेणं’ जास्त खरं वाटतं.

वाचक, कोपरी : अगदी. लोकलमधली चौथी सीट बघा. बसलेले तिघं सरकतात तेव्हाच चौथा टेकतो. ‘घ्या सामावून’ हे आपण बसलेल्यांना म्हणतो, उभ्याला नाही.

शिक्षिका, कळवा : सगळ्यांचे आभार. बाकड्यांच्या पायांना रबरी बुचं लावून घेतली, त्याला दाराजवळची जागा दिली. नोंद अशी लिहिली आहे : ‘मोठ्या आवाजानं बिथरतो. दाराजवळ बसवल्यास लवकर शांत होतो, मग गणितं सोडवतो.’ ‘बिथरतो’ चालेल?

एक आई, घोडबंदर रोड : बिथरतो बैल, ताई. ‘मोठा आवाज सोसत नाही’ असं लिहा ना.

शिक्षिका, कळवा : हो, ‘सोसत नाही’. बदलते आत्ताच.