'विश्रांती घेता येत नाही' हे बरोबर आहे का?

पेठकरीण : घरी आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. एका वाक्यावर तीन दिवस अडले आहे. आशय असा की लांबलेला ताण संपला, तरी विश्रांती काही साधत नाही. मी लिहिलं, 'अशा वेळी विश्रांती घेता येत नाही.' मावशीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "येत नाही म्हणजे? कुणी अडवलंय का? रजा नाही मिळत?"

तिचं बरोबर आहे. ते वाक्य वाचून वेळ नाही असंच वाटतं. मला म्हणायचंय ते वेगळं आहे. सासरे चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. रात्री अडीचला त्यांचं औषध असायचं. ते गेले, दिवस झाले, पाहुणे परतले. दुपारी चहा घेऊन गॅलरीत बसले, तेव्हा लक्षात आलं की मी खुर्चीच्या कडेवर नुसती टेकले आहे, पायात चपला आहेत आणि कान आतल्या खोलीकडे. चहा तसाच निवला. अजून अडीचला जाग येते. याला आपल्याकडे काय म्हणतात?

जुनीपोथी : विसावा. 'विसावा लाभत नाही' असं लिहा. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसाच विश्रामचा विसावा. अस्सल घरचा शब्द. 'लाभणे' आलं की मावशींची शंकाही मिटते, कारण लाभणं आपल्या हातात नसतं. 'आराम' मात्र नको, तो या अर्थाने फारसीतून आलाय.

आळंदीरस्ता : आजाऱ्याच्या घरात जाणाऱ्या कागदावर विसावा? कृपा करून नको. स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली टेकवून खांदेकरी बाजू बदलतात, त्या जागेलाही विसावाच म्हणतात. वडिलांच्या वेळी मी पुढे होतो. तो शब्द वाचला की मला अजून ती वाट दिसते.

जुनीपोथी : आपलं दुःख समजतो. पण वारीत दुपारचा विसावा आणि रात्रीचा मुक्काम असतो, वृद्धाश्रमांचीही नावं विसावा असतात. एका वापरावरून शब्द वाळीत टाकायचा का?

दवाखाना_दोन_ते_चार : माझ्याकडे येणारी माणसं सरळ म्हणतात, "डॉक्टर, रिलॅक्सच होता येत नाही." तेच लिहा, सगळ्यांना कळेल. आणि कारणही लिहा, कारण या बायकांना वाटतं की आपल्यातच काही खोट आहे. ताणात अनुकंपी चेतासंस्था शरीराला सावध ठेवते : नाडी जलद, स्नायू ताठ. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं. एरवी ते सकाळी जाग आल्यावर चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी उतरतं. महिनोन्‌महिने ताण राहिला की काहींचा हा चढउतार बिघडतो. शिवाय डोळा लागला तर काहीतरी चुकेल हे मेंदूने इतके दिवस घोकलेलं असतं, म्हणून सैल पडणंच त्याला धोक्याचं वाटतं. काहींची अर्धशिशी तर नेमकी काम उरकल्यावर, सुट्टीच्या दिवशी उठते.

जुनीपोथी : माहिती उत्तम. पण 'रिलॅक्स'ला 'सैलावणे' आहे ना! आपणच वापरले नाहीत, तर हे शब्द जगणार कसे?

दवाखाना_दोन_ते_चार : इतक्या वर्षांत 'मला सैलावता येत नाही' असं म्हणणारा एकही माणूस समोर बसला नाही. पत्रक त्यांच्यासाठी आहे, शब्दासाठी नाही.

लोखंडकाम : मूळ घोळ 'ताण' शब्दात आहे. १९३६ साली हान्स सेल्ये या वैद्यक संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की वेगवेगळ्या घातक गोष्टींना शरीर एकाच साच्याचा प्रतिसाद देतं. 'स्ट्रेस' हा पदार्थविज्ञानातला शब्द पुढे त्यांनीच त्यासाठी रूढ केला. आम्ही त्याला प्रतिबल म्हणतो. सळई मर्यादेत ताणली तर सोडल्यावर मूळ लांबीवर येते. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली की भार काढला तरी थोडी लांबलेलीच राहते. पेठकरीणताईंचं अडीचला जागं होणं मला तसं वाटतं.

दवाखाना_दोन_ते_चार : सळई परत येत नाही, माणूस येतो. हे पत्रकात घालू नका, वाचणारी घाबरेल.

पेठकरीण : काल मावशीच बोलता बोलता म्हणाली, "अगं, मला नाही का, तुझे काका गेल्यावर बसवतच नव्हतं." मी चमकले. बसता येत नाही आणि बसवत नाही यांत किती अंतर आहे! शाळेत याला शक्य क्रियापद म्हणायचे. मन तयार असतं, वेळ असतो, खुर्ची असते, फक्त देह ऐकत नाही. निजवत नाही, पडवत नाही, बघवत नाही. आपल्या भाषेत हे क्रियापदाच्या रूपातच आहे आणि मी इतके दिवस नाम शोधत होते. अडचण एकच : 'विसावणे'चं 'विसाववत नाही' करून पाहा, जीभ अडखळते. म्हणून 'स्वस्थ बसवत नाही' लिहू का?

जुनीपोथी : 'अन्याय बघून स्वस्थ बसवत नाही', असा अर्थ आधी येईल. शिवाय सुश्रुतसंहितेत 'स्वस्थ' म्हणजे निरोगी.

आळंदीरस्ता : 'निवांत' घ्या. निवात, म्हणजे वारा नसलेली जागा. गीतेतला निवातस्थ दीप आठवा, ज्योत हलत नाही. पत्रकाला शोभेल.

पेठकरीण : सुंदर आहे, पण 'निवांतवत नाही' होत नाही हो. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. सध्या 'पडलं तरी पडवत नाही, बसलं तरी बसवत नाही' असं ठेवलंय. चालेल का?

लोखंडकाम : विश्रांतीवरून आठवलं, विश्रांतवाडीचं नाव कशावरून? आजी सांगायची, आळंदीहून पालखी येते तेव्हा तिथे टेकते म्हणून.

आळंदीरस्ता : माउलींचा मुक्काम भवानी पेठेत, पालखी विठोबाला असतो.

जुनीपोथी : मुक्काम निराळा, विसावा निराळा. वर तेच तर सांगत होतो.