आठवीच्या मुलांच्या हातात करवत द्यायची आहे, सुरुवात कशाने करू?

खडूवाली:
नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवते. यंदा आठवीचं सुतारकामही माझ्याच गळ्यात पडलंय. मुलं 38, टेबलं 4, दोन तास जोडून 70 मिनिटं. सामान म्हणजे 6 करवती, 2 रंधे (एकाचं पातं गंजलेलं), थोड्या पटाश्या, 2 सी क्लॅम्प आणि एका माजी विद्यार्थ्याने प्रेमाने दिलेला चार इंची ग्राइंडर. त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावलंय.

नियमांचा तक्ता भिंतीवर आहे, मुलांना तोंडपाठ आहे. तरी गेल्या गुरुवारी, तो घडाघडा म्हणून दाखवणाऱ्याच पोराने फळी मांडीवर घेऊन करवत चालवली. माझा जीव खाली-वर.

ग्राइंडर वापरू द्यावा का? आणि पहिली वस्तू कोणती करून घेऊ? मुलांना चिमणीचं घर हवंय. मुख्याध्यापकांना प्रदर्शनात मांडता येईल असं ‘काहीतरी भारी’ हवंय.

जुना रंधा:
बाई, ग्राइंडर कपाटात, किल्ली तुमच्या पर्समध्ये. ते लोखंड घासायचं यंत्र आहे, मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फिरतं. दातेरी पातं लाकडात अडकलं की यंत्र उसळतं आणि धरणाऱ्याच्याच अंगावर येतं. पोरांच्या हातात नाहीच, तुम्ही शेजारी उभ्या असलात तरी नाही.

आता तुमचा मांडीवाला. त्याला नियम माहीत होता. फळी कुठे टेकवायची ते माहीत नव्हतं. माझ्या डाव्या अंगठ्यावर इंचभर वण आहे. शिकाऊ होतो, कुसवाचं भोक (ज्यात दुसऱ्या लाकडाचं टोक बसतं) पाडत होतो, क्लॅम्प दुसऱ्याकडे गेलेला. ‘एकच घाव राहिलाय’ म्हणून तुकडा हातात धरला आणि पटाशी सटकली. नियम मलाही पाठ होता. पुढे आयटीआयमध्ये 27 वर्षं सुतारकाम शिकवलं, तेव्हा पहिल्या दिवशी तक्ता न वाचता हा अंगठा दाखवायचो.

म्हणून पहिली वस्तू बेंच हूक. आम्ही त्याला नुसतं अडण म्हणायचो. 10 इंच लांब, 7 इंच रुंद फळी. एका टोकाला वरून पट्टी, दुसऱ्या टोकाला खालून. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, लाकूड वरच्या पट्टीला रेटायचं आणि कापायचं. वरची पट्टी उजवीकडे दीड इंच आखूड ठेवा, म्हणजे करवत शेवटी अडणीवर उतरते, टेबलावर नाही. डावखुऱ्यांसाठी उलट. पट्टीला खिळे अजिबात नकोत, फेव्हिकॉल आणि लाकडी खुंट्या. करवत खिळ्यावर गेली की दात्यांची वाट लागते. पहिल्या 4 तुम्ही करा, पुढच्या त्यांवर मुलं करतील. सगळे सरळ काप, पटाशी लागतच नाही.

एका वेळी सहाच मुलं उभी, बाकीची बसून ब्राउन पेपरवर खऱ्या मापाचं चित्र काढतील. आणि एकदा मुद्दाम 36 इंची पट्टी देऊन 9 इंचांचे चार तुकडे मागा. करवत दर कापाला अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाते, शेवटचा तुकडा दीड सूत आखूड निघतो. ‘सर, लाकूड गेलं कुठं?’ असं पोरांनी विचारलं की भुशाकडे बोट दाखवायचं.

ठाण्याची सुतारीण:
काकांनी मुद्द्याचं सांगितलं, मी फक्त भर घालते. मुख्याध्यापक कौतुकाने हातमोजे आणून देतील. फिरत्या यंत्रापाशी ते घालू नका. ड्रिलमध्ये मोज्याचं टोक गुंडाळलं गेलं की पाठोपाठ बोटं जातात. ओढणी, मोकळी वेणी आणि मनगटातले गंडेदोरेही तसेच. (दोऱ्यांवरून एका पालकांनी माझ्याशी भांडण केलंय. मी त्यावर घट्ट रबरी बाही चढवायला लावते, दोघांचं समाधान.)

भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. लाकडाची धूळ 1995 पासून कर्करोगकारकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे. एमडीएफचे (लाकडाचे तंतू आणि चिकट रेझिन दाबून केलेल्या फळीचे) फुकट तुकडे कोणी दिले तरी वर्गात घासायला नकोत.

चिमणीचं घर जरूर करा, फक्त चित्र बदला. चिमणीला 32 मिलिमीटरचं दार पुरतं. तेवढं गोल भोक पाडायला मोठं बिट लागतं, आणि ते अडकलं की मशीन मनगट पिरगळतं. त्याऐवजी समोरच्या फळीच्या वरच्या कोपऱ्यात 32 बाय 32 ची चौकोनी खाच काढा. करवतीचे दोन काप, झालं दार. बाहेर बसायची दांडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही, कावळ्याची मात्र सोय होते.

खडूवाली:
काका, ताई, मनापासून आभार. कालच्या तासाला 4 अडणी घेऊन गेले. मांडीवाल्याने स्वतःहून अडण ओढली, कारण त्यावर फळी हलत नाही आणि त्याचा काप शेजाऱ्यापेक्षा सरळ आला! आखूड तुकड्यावरून तर भांडणच. एकीने पट्टीने करवतीची जाडी मोजली आणि म्हणाली, ‘बाई, पातं एवढं जाड नाहीये, मग काप रुंद कसा?’ मला उत्तर आलं नाही.

आणि माझी एक अडण डुगडुगते.

जुना रंधा:
पोरगी हुशार आहे. करवतीचे दाते एक आड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, पातं अडकू नये म्हणून. तिला करवत उलटी करून टोकाकडून डोळ्यासमोर धरायला सांगा, दिसेल.

डुगडुगणारीची खालची पट्टी फळीला काटकोनात आहे का? गुण्या लावून फोटो टाका.