भुसावळच्या रुळालगतच्या वस्तीतला पोलीसपट: तपास, बोली आणि रात्रीचं शूटिंग खरं कसं वाटेल?

तापीकाठ

राम राम मंडळी. २५ मिनिटांच्या लघुपटाची संहिता तयार आहे. भुसावळला रुळालगतच्या वस्तीत पहाटे एका पोराचा खून होतो आणि एक पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) तीन दिवसांत आरोपीपर्यंत पोहोचतो. कॅमेरा म्हणजे मोबाईल, माणसं आठ, शूटिंग नऊ रात्रींचं. यूट्यूबवर टाकायचा आहे.

अडचण अशी की जो वाचतो तो म्हणतो, हे मुंबईचं वाटतंय. संहितेत एसीपी आहे, क्राइम ब्रांच आहे, चौकशीच्या खोलीत लोंबणारा दिवा आहे, पट्ट्याचा मार आहे आणि शेवटी आरोपी कबुली देतो. जिल्ह्याच्या ठाण्यात हे खरंच कसं चालतं? बोली कुठली घ्यावी? रात्रीच्या गल्लीत चित्र फुटतं, दिवे लपलपतात, त्यावर उपाय काय? आणि खाकी, पिस्तूल घेऊन रस्त्यावर उभं राहायचं तर आधी काय करावं लागतं?

पंचनामा

भाऊ, आधी एसीपी काढून टाका. एसीपी (सहायक आयुक्त), डीसीपी (उपायुक्त) ही मोठ्या शहरांच्या पोलीस आयुक्तालयातली पदं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे पोलीस अधीक्षकांखाली चालतात. ठाण्याला पीआय (निरीक्षक), त्यांच्या वर उपविभागाचे डीवायएसपी (उपअधीक्षक), मग अपर अधीक्षक आणि एसपी, म्हणजे अधीक्षक. क्राइम ब्रांचच्या जागी स्थानिक गुन्हे शाखा घ्या, सगळे तिला एलसीबीच म्हणतात. मोठा गुन्हा घडला की एलसीबीचं पथक जळगावहून येतं आणि समांतर तपास सुरू करतं. आरोपी आधी कुणाच्या हाती लागतो यावरून ठाणं आणि एलसीबी यांच्यात जी ओढाताण होते, तिच्यात तुमच्या खलनायकापेक्षा जास्त नाट्य आहे.

दुसरं, खुनाचा तपास बहुधा पीआय किंवा एपीआय (सहायक निरीक्षक) स्वतःकडे ठेवतात. पीएसआयच नायक हवा असेल तर त्याला डीबी पथकाचा, म्हणजे गुन्हे शोध पथकाचा अधिकारी करा. डीबीची पोरं साध्या कपड्यात फिरतात, खबरे त्यांचेच असतात, वस्तीत आधी तीच पोहोचतात. गणवेशांचा खर्चही वाचेल. १९८३ च्या 'अर्धसत्य'चा नायक पीएसआयच आहे, आणि कोठडीत मारलेल्या मारानं माणूस दगावतो तेव्हा तोच अडचणीत येतो. मार दाखवायचाच असेल तर त्याची किंमतही कथेत आली पाहिजे.

आता तर ती किंमत लगेच येते. डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ठाण्यात, कोठडीतसुद्धा सीसीटीव्ही बंधनकारक आहे. अटकेचा पंचनामा लागतो, नातेवाइकाला कळवावं लागतं, वैद्यकीय तपासणी लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. तिथे आरोपीला मारहाणीबद्दल विचारतात. लोंबणारा दिवा काढा. ठाणे अंमलदाराचं टेबल, स्टेशन डायरी, गुन्हे नोंदवायचा सीसीटीएनएसचा संगणक, कोपऱ्यात जप्तीच्या दुचाकी, मुद्देमाल कारकुनाची खोली आणि बाकावर बसलेली आरोपीची आई, एवढ्यावर ठाणं उभं राहतं.

कलमांचं सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. त्या तारखेनंतरचा खून कागदावर १०३ (१) होतो, ३०२ नाही. हवालदार मात्र बोलताना अजून 'तीनशे दोन'च म्हणतो, ते तसंच ठेवा. कथा २०२३ मध्ये घडत असेल तर कागदावरही ३०२ बरोबर.

सगळ्यात मोठी चूक शेवटात आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. चालतं ते एवढंच, की आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली. म्हणून खरा प्रसंग निवेदन पंचनाम्याचा. दोन पंच, म्हणजे पोलीस नसलेले साक्षीदार, बसलेले. आरोपी म्हणतो, 'कोयता नाल्याच्या पुलाखाली टाकलाय, चला, दाखवतो.' ते त्याच्या शब्दांत लिहायचं, सह्या घ्यायच्या. मग गाडीतून सगळे निघतात, वाट आरोपी सांगतो, जागेवर तोच पुढे चालतो आणि वस्तू तोच दाखवतो. ती कागदात गुंडाळायची, दोरा बांधायचा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची, वर लाखेचं सील. नव्या कायद्यानं झडती-जप्तीचं चित्रीकरण लागतं, म्हणून एक शिपाई हे सगळं मोबाईलवर घेत उभा असतो. तोच मोबाईल तुमच्या कॅमेऱ्याची एक चौकट होऊ शकतो. कोयता नंतर नाशिकच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल तीन दिवसांत येत नाही, तेव्हा 'रिपोर्ट आला' हा संवादही काढा. सीडीआर, म्हणजे मोबाईलच्या कॉलची नोंदसुद्धा ठाण्याला थेट मिळत नाही, एसपी कार्यालयातून मागवावी लागते.

रुळाची जागा निवडलीच आहे तर हद्दीचा वाद वापरा. प्रेत रुळावर सापडलं तर काम लोहमार्ग पोलिसांचं, दहा पावलं अलीकडे वस्तीत सापडलं तर शहर ठाण्याचं. आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) वेगळी, ती रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी सांभाळते, खुनाचा तपास करत नाही. कायद्यानं कुठलंही ठाणं शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून पुढे पाठवू शकतं. रक्त वस्तीत आणि प्रेत रुळावर, एवढ्यानं पहिली पाच मिनिटं उभी राहतील.

गिरणाथडी

बोलीवर थोडं. खान्देश म्हणजे सरसकट अहिराणी असं लिहू नका, भुसावळकर लगेच पकडतील. अहिराणी धुळे, अमळनेर, चाळीसगावकडची. भुसावळ, यावल, रावेर पट्ट्यात लेवा बोली. त्यात भुसावळ रेल्वेचं गाव, देशभरची माणसं येऊन राहिलेली, म्हणून वस्तीत हिंदी सर्रास.

फरक कानाला असा लागतो. धुळ्याकडचा हवालदार विचारेल, 'रातले कोठे व्हता तू?' भुसावळचा पोरगा म्हणेल, 'मी घरीच होतो ना भो, मले काय मालूम.' बदलीवर आलेला साहेब प्रमाण मराठी बोलतो. वस्तीतली बाई साहेबांपुढे प्रमाण बोलायला धडपडते आणि हवालदाराकडे वळली की आपल्या बोलीत मोकळी होते. साहेबाला अर्धं कळतच नाही, हवालदार त्याला सांगतो, आणि सांगताना काय गाळतो यावर एक अख्खा प्रसंग बसेल. बोलीतले संवाद तुम्ही लिहिलेत तरी सरावाच्या वेळी त्याच तालुक्यातल्या माणसाकडून एकदा मोठ्यानं म्हणवून घ्या. नटानं कानावरून उचललं पाहिजे, कागदावरून उचललं तर हेल चुकतो.

पिवळा बल्ब

दिवे लपलपतात त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची. मोबाईल ३० फ्रेमवर असला की शटर १/६० ला जातं आणि पट्टे दिसतात. २५ फ्रेम, शटर १/५०, दोन्ही कुलूपबंद करा. साधं कॅमेरा ॲप हे करू देत नसेल तर हाती नियंत्रण देणारं ॲप टाका. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ४००० केल्विनच्या आसपास पक्का ठेवा. रस्त्यावरचे एलईडी किंचित निळे पडतील, घरातले पिवळे बल्ब उबदार राहतील आणि गल्लीला खोली येईल. चित्र फुटतं ते आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वर गेल्यामुळे. आयएसओ वाढवण्याऐवजी चौकटीतच दिवे वाढवा: टपरीत एक, ओट्यावर एक, लांब वळणावर एक, ९ वॅटचे पिवळे एलईडी. अगदी स्वस्त बल्ब २५ फ्रेमवरही लपलपतात. घेताना शटर १/५०० करून बघा, पट्टे आले तर दुकानातच ठेवा. आणि झूम वापरू नका, मुख्य लेन्सवरच राहा.

रस्ता ओला केला की दिव्यांचं प्रतिबिंब पडतं आणि तेवढ्याच उजेडात चित्र दुप्पट भरतं. ३० मीटर लांब, ४ मीटर रुंद गल्लीला साधारण २५० लिटर लागतं, उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा मारावं लागतं. पण ज्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही तिथे लोकांच्या डोळ्यांदेखत पिण्याचं पाणी ओतू नका. मन दुखावतं आणि दुसऱ्या रात्री कुणी दार उघडत नाही. बोअरचं खारं पाणी टाकीतून न्या आणि सकाळी जाऊन तसं सांगून ठेवा. जमलं तर डिसेंबर-जानेवारी धरा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, दिवसाच्या प्रसंगात मोबाईल तापून बंद पडतो.

आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच चित्रपट पडतो. कांजी केलेली खाकी माईकजवळ करकरते. गणवेश एकदा साध्या पाण्यातून काढा आणि कॉलरमाईक दोन बटणांच्या मधल्या पट्टीत आतून वैद्यकीय चिकटपट्टीनं बसवा. पंखा, कूलर बंद. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. प्रत्येक जागी ३० सेकंद सगळ्यांनी गप्प राहून नुसती शांतता घ्या, संकलनात सांधे त्यानंच झाकतात. गाडी आली की संवाद थांबवा. अर्ध्या वाक्यात भोंगा आला तर ते वाक्य दुसऱ्या टेकशी जुळत नाही. गाड्यांचे आवाज वेगळे भरून घ्या आणि हवे तिथे लावा.

आबा_नेपथ्य

खाकीचं. फसवण्याच्या हेतूनं सरकारी गणवेश घालणं न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. अभिनयाला तो हेतू नसतो, पण नट गणवेशात चहाला नाक्यावर गेला तर गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. शॉट संपला की वरून साधा शर्ट, हा नियम करा. भाड्याच्या दुकानात फिती हमखास चुकतात. पीएसआयला दोन तारे आणि लाल-निळी फीत, पीआयला तीन तारे आणि फीत, डीवायएसपीला तीन तारे पण फीत नाही. छातीवरची नावपट्टी मराठीत. ठाण्याचं नाव काल्पनिकच ठेवा.

परवानगीसाठी त्या हद्दीच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या: तारखा, वेळ, जागा, माणसांची संख्या, गणवेश किती, नकली शस्त्रं किती. पोहोच घ्या आणि ती रोज सेटवर खिशात ठेवा. पालिकेच्या रस्त्यासाठी पालिकेत वेगळा अर्ज. रेल्वेच्या हद्दीत, रुळावर किंवा फलाटावर, रेल्वेच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका. रूळ पाठीमागे लांब दिसेल अशी वस्तीतली जागा निवडली तर तो खटाटोपच उरत नाही.

पिस्तूल रबराचं किंवा लाकडाचं घ्या. छर्ऱ्याची बंदूक नको, आवाजाची काडतुसं तर अजिबात नकोत. गोळीचा जाळ संकलनात एक-दोन फ्रेम टाकायचा, आवाज नंतर लावायचा, नटानं फक्त मनगटाचा झटका द्यायचा. रात्री गल्लीत कुणी पिस्तूल पाहिलं तर ११२ ला फोन जाणारच, म्हणून आजूबाजूच्या घरांना संध्याकाळीच नकली शस्त्र हातात देऊन दाखवा. संहितेत गुंड कट्ट्यातून सहा गोळ्या झाडत असेल तर दुरुस्त करा. गावठी कट्टा बहुतेक एकबारी असतो. एक बार, मग उघडून दुसरं काडतूस. ती मधली चार सेकंदं पाठलागाला वापरा.

रक्तासाठी एक वाटी लिक्विड ग्लुकोज, पाव वाटी पाणी, एक चमचा लाल खाद्यरंग, अर्धा चमचा कोको. कोको नसेल तर रंग गुलाबी वाटतो. डाग खाकीवरून निघत नाही, त्या प्रसंगाचा शर्ट वेगळा ठेवा. जमिनीवरचं लगेच धुवा, मुंग्या येतात.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एसीपी गेला, नायक डीबीत आला. एकच अडकलंय. कबुलीवर संपवायचं नाही तर कशावर संपवू? कोयता सापडला, इथे थांबू का?

पंचनामा

त्याच्या थोडं आधी थांबा, पंचांवर. पंच शक्यतो स्थानिक आणि प्रतिष्ठित असावे लागतात. वस्तीतला माणूस पंच झाला की पुढे वर्षानुवर्षं तारखांना न्यायालयात जावं लागतं आणि आरोपीचं घर चार दारं सोडून असतं. म्हणून कुणी तयार होत नाही, आणि झालेला पुढे फितूर होतो. आरोपी कोयता दाखवायला तयार आहे, २४ तासांतले मोजके तास उरलेत, एलसीबीची गाडी निघालेली आहे आणि तुमचा पीएसआय एकेक दार वाजवत दुसरा पंच शोधतोय. पहिला मिळालाय, टपरीवाला. शेवटचं दार मेलेल्या पोराच्या मित्राचं ठेवा. तो बाहेर येतो, चप्पल पायात सरकवतो आणि विचारतो, 'सही कुठी करायची?' कोयता दाखवूच नका.