ठाणे–नवी मुंबईत घडणारी हेरकथा लिहितोय, एटीएसचं (दहशतवादविरोधी पथकाचं) काम नेमकं कसं चालतं?

कोपरीकर_लेखक
नमस्कार मंडळी. कादंबरीचा कच्चा आराखडा तयार आहे. परकीय हात नाही, कट इथल्याच पाच जणांचा. घणसोलीत खोली, रबाळे एमआयडीसीत गाळा, लक्ष्य ठाण्यातला एक गर्दीचा कार्यक्रम. रॉच्या अधिकाऱ्याला चार दिवस आधी सुगावा लागतो. तो लगेच फोन टॅप करतो, संशयिताचा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये पाठलाग करतो आणि शेवटी स्वतः बॉम्ब निकामी करतो. जाणकार वाचक कुठे हसेल ते स्पष्ट सांगा. बॉम्ब कसा बनतो ते नको, पुस्तकात ते येणारच नाही.

हद्दीचा_वाद
पहिल्या ओळीलाच हसेल. रॉ देशाबाहेरचं काम बघते. इथल्या पाच जणांची कुणकुण आयबीला (देशांतर्गत गुप्तचर विभागाला) लागेल किंवा एटीएसच्या खबऱ्याला. आयबीला अटकेचा अधिकार नाही, गुन्हा नोंदवण्याचाही नाही. त्यांची टिप राज्याच्या यंत्रणेकडे येते आणि ती क्वचितच पूर्ण असते. अर्धा मोबाइल नंबर, एखादं टोपणनाव, "ठाणे परिसर" एवढंच. कथेला हे सोन्यासारखं आहे, वाया घालवू नका.

नायक एटीएसचा करा. महाराष्ट्र एटीएस २००४ पासून आहे. काळाचौकीला तिचं स्वतःचं पोलीस ठाणं आहे, हद्द सगळ्या राज्याची. तुमच्या गोष्टीत खोली नवी मुंबई आयुक्तालयात आणि लक्ष्य ठाणे आयुक्तालयात, म्हणून तर एटीएस हवीच. हे कल्पनेतलंही नाही. २००८ मध्ये ३१ मेला वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि ४ जूनला ठाण्यात गडकरी रंगायतनला स्फोट झाला. दोन आयुक्तालयं, तपास एटीएसकडे.

हुद्दाही सांभाळा. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) लावला की तपास अधिकारी किमान एसीपी किंवा डीवायएसपी (सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक) दर्जाचा लागतो. पीएसआय पाळत ठेवेल, जबाब लिहील, धावेल, पण तपास त्याच्या नावावर राहणार नाही. आणि एनआयएला (केंद्राच्या तपास यंत्रणेला) विसरू नका. गुन्हा नोंदला की अहवाल राज्यामार्फत केंद्राकडे जातो, आणि तपास एनआयएला द्यायचा का हे केंद्र १५ दिवसांत ठरवतं. मेहनत एकाची, केस दुसऱ्याची. ही खदखद प्रत्येक प्रकरणात ठेवा, खोटी वाटणार नाही.

सीडीआरवाला
"लगेच टॅप करतो" याबद्दल. दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

सीडीआर म्हणजे कॉलची नोंद: कोणी कोणाला, कधी, किती सेकंद, कोणत्या टॉवरखालून फोन केला आणि हँडसेटचा आयएमईआय (ओळख क्रमांक) काय. बोलणं त्यात नसतं. कंपन्यांना तो दोन वर्षं ठेवावा लागतो, त्यामुळे नायक मागे जाऊ शकतो. व्हॉट्सॲप कॉल सीडीआरमध्ये उमटत नाही. त्यासाठी आयपीडीआर (इंटरनेट वापराची नोंद) मागवतात, आणि त्यातून कळतं ते एवढंच की या वेळी हा फोन अमुक सर्व्हरशी बोलत होता. मेसेज वाचता येत नाहीत. ते वाचायचे तर हातात उघडा फोन हवा किंवा आतला माणूस.

टॅपिंग म्हणजे प्रत्यक्ष बोलणं ऐकणं. त्याला राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो. आदेश ६० दिवसांचा, वाढवत नेला तरी एकूण १८० च्या पुढे नाही. घाईच्या प्रसंगी एटीएसमधला आयजी (पोलीस महानिरीक्षक) दर्जाचा वरिष्ठ अधिकारी आदेश काढू शकतो. पण २०२४ च्या नियमांनुसार त्याला कामाच्या सात दिवसांत मंजुरी मिळाली नाही, तर ऐकणं बंद आणि ऐकलेलं पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. तुमच्या चार दिवसांत हे सहज बसतं: ऐकताहेत, पण मंजुरीची फाईल अजून मंत्रालयात आहे. पिस्तुलापेक्षा त्या फाईलची भीती जास्त दाखवा.

टॉवर लोकेशनला जीपीएस समजू नका. खाडीकाठी तर फोन कधी कधी पलीकडच्या काठाचा टॉवर धरतो. माणूस ऐरोलीत आणि नोंद मुलुंडची, असं होऊ शकतं. एक टीम चुकीच्या काठावर धाडायची असेल तर हे कारण वापरा, योगायोग नको.

दहा_नंबर_प्लॅटफॉर्म
पाठलागाचं सांगतो. ठाण्याहून सुटणारी ट्रान्स-हार्बर लोकल तुर्भ्याला फुटते. वाशी गाडी सानपाड्याला वळते, नेरूळ-पनवेल गाडी जुईनगरला. म्हणजे संशयित कोणत्या गाडीत चढला हे इंडिकेटरवर बघूनच पुढच्या स्टेशनांवर माणसं उभी करायला हवीत. गोष्ट २०२४ नंतरची असेल तर ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन धरा. जुन्या नकाशावर लिहाल तर ठाणेकर पहिल्या प्रकरणातच पकडेल.

एकच नायक तासभर मागे राहिला तर तो उघडा पडणारच. पाळतीला माणसं बदलत राहतात: एक डब्यात, एक शेजारच्या डब्यात, एक पुढच्या स्टेशनला आधीच पोचलेला, बाहेर एक बाईक. संध्याकाळी डाऊनच्या गर्दीत माणूस दोन हातांवर असूनही हरवतो, सकाळी अकराला रिकाम्या डब्यात लगेच ओळखू येतो. वेळ त्याप्रमाणे निवडा.

प्लॅटफॉर्मवर आणि गाडीत हद्द लोहमार्ग पोलिसांची, सॅटिसवर (स्टेशनबाहेरच्या उन्नत पुलावर) पाय ठेवला की ठाणे शहरची. रस्त्याने गेलात तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून पुढे दिघा, की नवी मुंबई सुरू. पावसाळ्यात त्या पुलाखाली पाणी तुंबतं, तेव्हा गाड्यांचा पाठलाग तिथेच संपवता येईल.

गावठाण
खोलीबद्दल थोडं. भाडेकरार नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि नोंदणीत फोटो व अंगठा जातो. त्यामुळे खोट्या नावाने सोसायटीतला फ्लॅट पटणार नाही. घणसोली गावठाणातली गरजेपोटी (परवानगीशिवाय) बांधलेली, रोख भाड्याची खोली पटेल. तिथे मालक खालीच राहतो आणि त्याच्या बायकोला सगळं माहीत असतं. पहिला धागा सीडीआरमधून नको, तिच्याकडून येऊ द्या: पाच माणसं, आणि भांडी एकाचीच.

कोपरीकर_लेखक
उत्तम! रॉ गेली. पण सगळं कागदावरच चाललं तर शेवट पाणचट होणार नाही का? नायकाने बॉम्बला हातच लावायचा नाही?

पंच_क्रमांक_दोन
नाही लावायचा. ते काम बीडीडीएसचं (बॉम्बशोधक व नाशक पथकाचं). एटीएसवाला घेरा टाकतो, इमारत रिकामी करतो आणि मागे उभा राहतो. पथकातलं श्वान वास लागला की भुंकत नाही, गप बसतं. सगळ्यांची नजर त्या बसण्यावर. लाल-निळी वायर हा सिनेमातला खेळ आहे, पथक शक्यतो लांबूनच काम करतं.

खरा ताण एका प्रश्नात आहे: उचलायचं कधी? लवकर उचललं तर हातात नुसत्या गप्पा राहतात. यूएपीएचं कलम १८ कटालाही लागतं, पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, पण कोर्टात माल, पैसे आणि माणसं एकमेकांशी जोडून दाखवावी लागतात. उशीर केला तर सामान गाळ्यातून हललं. वरिष्ठ म्हणतो आज रात्री, नायक म्हणतो पाचवा माणूस अजून दिसलाच नाही. तीस पानं इथे द्या.

मग धाड. दोन पंच हवेत, आणि पहाटे चारला रबाळे एमआयडीसीत पंच मिळत नाहीत, म्हणून सरकारी कर्मचारी आधीच सांगून ठेवतात. झडतीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. सील, सही, वेळ. पंचनाम्यात सुरुवात ४.१० आणि व्हिडिओत ३.५० दिसलं की बचावाचा वकील त्या वीस मिनिटांवर दिवस काढतो. अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यावीच लागतात. यूएपीएतही हे लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तो कागद घाईत राहिला तर अटकच बेकायदा ठरू शकते.

आणि २४ तासांत न्यायाधीशांसमोर. चार जण कोठडीत, पाचवा मोकळा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी तो कार्यक्रम. आयोजकांना रद्द करा सांगायचं, तर कारण काय सांगणार? सांगितलं की तासाभरात टीव्हीवर, आणि पाचवा फोन बंद करून गायब. शेवट पाणचट होणार नाही, काळजी नको.