बोरीच्या शास्त्रीय नावात मॉरिशस कसे आले?

शिवारवाट (प्रश्न)

आमच्या महाविद्यालयाच्या आवारातील झाडांना नावांच्या पाट्या लावण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. बोरीच्या पाटीवर ‘झिझिफस मॉरिशियाना’ असे लिहून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, बोर मॉरिशसहून आले का?’ मला उत्तर देता आले नाही. संक्रांतीला लेकरांना बोरन्हाण घालणाऱ्या, शबरीच्या उष्ट्या बोरांची गोष्ट सांगणाऱ्या आणि मेहरूणच्या बोरांसाठी जळगावच्या पाहुण्याची वाट पाहणाऱ्या लोकांच्या झाडाला हिंदी महासागरातील एका लहानशा बेटाचे नाव का मिळावे? शेजारच्या चित्रकाची पाटी ‘प्लम्बॅगो झेलॅनिका’ म्हणते, म्हणजे तिथे सिलोन, आजची श्रीलंका. ही नावे मूळस्थान सांगत नसतील तर काय सांगतात, आणि ती दिशाभूल करणारी असतील तर बदलत का नाहीत?

नामकोश

आपल्या विद्यार्थिनीला आधी हे सांगावे, की बोर मॉरिशसचे नाही. उलट मॉरिशसवरची बोरच बाहेरून नेलेली आहे. तिच्या नावाची कथा मात्र थोडी गुंतागुंतीची आहे आणि तिच्यात बोरीवर अन्यायही झालेला आहे.

वनस्पतींच्या दोनपदी नामपद्धतीचा पाया घालणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये आपल्या बोरीला ‘ऱ्हॅम्नस जुजुबा’ असे नाव दिले आणि ती भारतात आढळते असे स्पष्ट नोंदवले. पुढे ही झाडे ऱ्हॅम्नसमधून काढून झिझिफस या प्रजातीत घेतली गेली. असे स्थलांतर झाले की प्रजातीचे नाव बदलते आणि जातिवाचक दुसरे पद झाडाबरोबर जाते. त्या न्यायाने आपली बोर ‘झिझिफस जुजुबा’ व्हायला हवी होती. परंतु फिलिप मिलर याने १७६८ मध्येच हे जोडनाव चिनी बोरीला देऊन टाकले होते. एकाच नावाच्या दोन वनस्पती शास्त्रात चालत नाहीत आणि आधी आला त्याचा हक्क पहिला, त्यामुळे लिनियसचे १७५३ चे पद हाताशी असूनही आपल्या बोरीला ते झिझिफसमध्ये वापरता येईना. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने १७८९ मध्ये मॉरिशसच्या बोरीवरून ‘झिझिफस मॉरिशियाना’ हे नाव दिलेले होते. ती बोर आणि आपली बोर एकच असल्यामुळे तेच नाव ग्राह्य ठरले. आपल्या बोरीचे ‘जुजुबा’ चिनी बोरीकडे गेले आणि आपल्या बोरीच्या वाट्याला मॉरिशस आले.

अशी नावे बदलत का नाहीत, या आपल्या प्रश्नाचे उत्तर वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमावलीतच आहे. नाव अयोग्य किंवा अप्रिय वाटते एवढ्याच कारणाने ते टाकून देता येत नाही. तेथे दिलेले उदाहरण ‘सिला पेरुव्हियाना’ या कंदवर्गीय झाडाचे आहे. ते भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढते, पेरूमध्ये नाही, तरीही नाव तेच राहते. भूगोलाचे ज्ञान सुधारले की दर वेळी नावे बदलायची ठरवली, तर कोणत्याही जुन्या ग्रंथाचा नव्याशी मेळ लागणार नाही.

चित्रकाची गोष्ट मात्र सरळ आहे. पॉल हर्मन याने सिलोनमध्ये जमवलेल्या वनस्पतींवर लिनियसने १७४७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, म्हणून त्याच्या नंतरच्या लेखनात ‘झेलॅनिका’ वारंवार येते. नमुना कोठून हाती आला, एवढेच अशा नावांतून कळते. ती वनस्पती आणखी कोठे वाढते हे कळत नाही.

रानकुटूर

वरील उत्तर पुरेसे आहे, पण पाट्या लिहिताना उपयोगी पडेल अशी एक व्याकरणाची गोष्ट सांगतो. ‘झिझिफस’च्या शेवटी ‘अस’ पाहून काही जण ‘मॉरिशियानस’ असे लिहितात. ते चूक आहे. लॅटिनमध्ये ‘अस’ने संपणारी वृक्षांची नावे बहुधा स्त्रीलिंगी असतात, म्हणूनच पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’ आणि उंबर ‘फायकस रॅसिमोसा’. आपणही ‘ती बोर’च म्हणतो, हा योगायोग मला फार आवडतो. सिलोनचे विशेषण तिन्ही लिंगांत पाहायचे असेल तर चित्रक ‘झेलॅनिका’, दालचिनीचे जुने नाव ‘सिनॅमोमम झेलॅनिकम’ आणि आपल्या झाडांवर ‘कुटुर्र कुटुर्र’ करणारा कुटूरगा ‘सायलोपोगॉन झेलॅनिकस’.

चुकीच्या बेटांची नावे प्राण्यांनाही मिळालेली आहेत. ऑस्ट्रेलियाचा कुकाबरा हा पक्षी ‘डॅसेलो नोव्हेगिनी’ म्हणून ओळखला जातो, पण तो न्यू गिनीत सापडत नाही. दक्षिणेच्या थंड बेटांवरील जेंटू पेंग्विनला तर ‘पायगोसेलिस पापुआ’ म्हणतात. दोन्हींच्या मुळाशी पिएर सोनरा या फ्रेंच प्रवाशाने न्यू गिनीच्या नावावर खपवलेली माहिती आहे. तो तेथे कधी गेलाच नव्हता. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याचे ‘गॅलस सोनरॅटाय’ हे नाव याच गृहस्थावरून आहे. बिचाऱ्या रानकोंबड्याचा पत्ता तरी खरा आहे.

निकोबारी

बेटांची सगळीच नावे फसवी असतात असा समज होऊ नये म्हणून लिहितो. नारकोंडम हे अंदमान समूहातील एक छोटे बेट आहे. तेथील धनेशाला पक्षिअभ्यासक ह्यूमने १८७३ मध्ये दिलेले ‘नारकोंडमी’ हे पद शब्दशः खरे आहे, कारण हा पक्षी जगात अन्यत्र कोठेही नाही. निकोबारचा मेगापोड हा पक्षी ‘निकोबारिएन्सिस’ आणि निकोबारी कबुतर ‘कॅलोएनस निकोबारिका’. हे कबुतर मात्र निकोबारपुरते नाही, आग्नेय आशियातील बेटांपासून सॉलोमन बेटांपर्यंत पसरलेले आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात मॉरिशसच्या नामशेष डोडो पक्ष्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणून हेच कबुतर पुढे आले.

बेटाचे नाव बदलले तरी लॅटिन नाव बदलत नाही, हेही लक्षात घ्यावे. रियुनियन बेटाला पूर्वी बूर्बाँ म्हणत. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, ते नाव गेले, पण तेथील चष्मेवाला हा पक्षी अजून ‘झोस्टेरॉप्स बोर्बोनिकस’च आहे. लामार्कने लिहिले त्या वेळी मॉरिशसही फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि ते त्याला ‘ईल द फ्रांस’ म्हणत. त्याने डचांनी ठेवलेले जुने नाव वापरले आणि इंग्रजांनी बेट घेतल्यावर तेच पुन्हा रूढ झाले.

शिवारवाट

सर्वांचे मनापासून आभार. रानकुटूर, आपण सांगितले नसते तर दुसऱ्या पाटीवर ‘मॉरिशियानस’ गेलेच होते, कारण रंगाऱ्याला दिलेल्या कागदावर मी तसेच लिहिले होते. आता शास्त्रीय नावाखाली ‘लिनियसची नोंद: भारत, १७५३’ अशी एक ओळ वाढवतो आहे. रंगारी ओळीचे वेगळे पैसे मागतो आहे, ते मी देईन.