शब्दचर्चा : 'पाळणे', 'ऐकणे', 'प्रीती' आणि मधेच घुसलेलं 'आज्ञापालन'

नगरी
पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुणांचं दोन दिवसांचं शिबिर आहे. पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या सत्राचं नाव आधीच ठरून आलंय : 'ख्रिस्ती जीवनात प्रीती व आज्ञापालन'. ते टाइप केलं आणि तिथेच अडलो.

'आज्ञापालन' म्हटलं की मला शाळेतला रजेचा अर्ज आठवतो. पोट अजिबात दुखत नसताना पोटदुखीचं कारण, आणि खाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. म्हणजे थाप मारतानाही आज्ञाधारक.

सत्र बायबलातल्या ज्या वचनावर आहे ते येशूचं वाक्य, योहानाच्या शुभवर्तमानातलं (योहान १४:१५, म्हणजे अध्याय १४, वचन १५) : 'माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल.' हे वाक्य मात्र मला कधी रुक्ष वाटलेलं नाही. अर्थ तोच, मग 'पाळाल' ओलं आणि 'पालन' कोरडं का?

माझा या क्रियापदाशी जुना घोळ आहे, तोही सांगतो. शब्बाथशाळेत हे वचन पाठ करून घेतलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. 'पाळणे' मला एकाच अर्थाने ठाऊक होतं, कारण आजीने शेळी पाळली होती. घरी येऊन मी आजीला विचारलं, आज्ञा काय खाते? ती शेळीपुढे सुबाभळीचा पाला टाकत होती. तिने मला उत्तर दिलंच नाही, पण पुढची कित्येक वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा किस्सा ऐकावा लागला.

तळटीप
तुमचा घोळ तितकासा घोळ नाही. 'पाळणे' हे संस्कृत 'पाल्'वरून आलंय, म्हणजे राखणे, सांभाळणे. हुकूम मानणे हा अर्थ त्यात मागाहून येतो. मराठीत आपण काय काय पाळतो बघा : गाय, पथ्य, उपास, सुतक, वेळ, दिलेला शब्द. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. एकदा करून मोकळं होता येत नाही, रोज लक्ष द्यावं लागतं. मधुमेह झालेला माणूस 'मी काल पथ्य पाळलं' म्हणून आज जिलबी खाऊ शकत नाही.

योहानाने ग्रीकमध्ये इथे जे क्रियापद वापरलंय ते 'तेरेओ'. त्याचाही मूळ अर्थ राखणे, जपणे, पहारा देणे. काना गावच्या लग्नात भोजनकारभारी वराला म्हणतो ना, तुम्ही चांगला द्राक्षारस आतापर्यंत राखून ठेवलात (योहान २:१०), तिथे हेच क्रियापद आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगात पहाऱ्यात ठेवलं, तिथेही हेच (१२:५). तेव्हा चांगला द्राक्षारस जपून ठेवावा तशा आज्ञा जपणे, हा वास त्या शब्दाला आहे. मराठी भाषांतरकारांना 'पाळणे' आयतं मिळालं, हे त्यांचं नशीब आणि आपलंही.

आणि पास्टरला मराठी मंडळ्यांत काय म्हणतात? पाळक. याच घरातला शब्द.

साधा वाचक
मी ख्रिस्ती नाही, पण शब्दांचा नाद आहे म्हणून विचारतो. 'प्रीती' का? बोलताना कोणी 'प्रीती' म्हणत नाही. माझ्या वर्गात दोन प्रीती होत्या, तेवढाच माझा संबंध. आणि तुमच्या जुन्या प्रतींत ऱ्हस्व 'प्रीति' दिसतं, ते?

नगरी
ऱ्हस्व-दीर्घाचं सोपं आहे. जुन्या लेखनात संस्कृतप्रमाणे 'प्रीति', नव्या नियमांनी शेवटचा दीर्घ. समासात मात्र ऱ्हस्वच, म्हणून 'प्रीतिभोजन'. आमच्याकडे उपासनेनंतर मंडळी एकत्र पंगतीला बसते त्यालाही हाच शब्द.

'का' याचं उत्तर जास्त मजेचं आहे. ग्रीक नव्या करारात दोन क्रियापदं येतात, 'आगापाओ' आणि 'फिलेओ'. योहान २१ मध्ये, समुद्रकाठी न्याहारी झाल्यावर, येशू पेत्राला विचारतो : तू माझ्यावर प्रीती करतोस काय? पेत्र म्हणतो : मी आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा येशू स्वतःच पेत्राचा शब्द उचलतो आणि विचारतो, प्रेम करतोस काय? आमच्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये 'आगापाओ'ला 'प्रीती' आणि 'फिलेओ'ला 'प्रेम' असा फरक राखलाय. इंग्रजीत दोन्हीकडे 'लव्ह' आल्याने तो सहसा दिसतच नाही.

तळटीप
जरा थांबा. या फरकावर फार मोठे इमले बांधू नयेत. योहान ही दोन क्रियापदं अदलाबदलीनेही वापरतो. 'पिता पुत्रावर प्रीती करतो' हे ३:३५ मध्ये एका क्रियापदाने आणि ५:२० मध्ये दुसऱ्याने आलंय. 'एक दैवी प्रेम, दुसरं साधं' अशी प्रवचनं मी खूप ऐकली आहेत. व्याकरण त्यांना पाठिंबा देत नाही.

मला २१व्या अध्यायात वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. तिन्ही वेळा उत्तर मिळाल्यावर येशू 'छान' म्हणत नाही, काम सांगतो. माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. पुन्हा पाळणेच!

साधा वाचक
मग 'माया' का नाही घेतला? आईची माया म्हणतोच की आपण.

तळटीप
'माया' घेतला असता तर अर्ध्या महाराष्ट्राने 'ब्रह्म सत्य, जगत् मिथ्या' सुरू केलं असतं. आणि 'लोभ' घेतला असता तर आणखी पंचाईत. पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा ही विनंती' लिहितो आणि दहावी आज्ञा सांगते, शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको.

उसगावकरीण
नगरीजी, 'आज्ञा' हा शब्दच थोडा बाजूला ठेवा. मराठी घरात आज्ञा कोण देतं? आपण म्हणतो, 'ऐक'. 'मुलगा ऐकत नाही' याचा अर्थ त्याला कानाचा आजार आहे असा होत नाही.

माझा मुलगा इथेच जन्मला. परवा मी त्याला दोनदा सांगितलं, ताट उचल. तो खुर्चीतच. मी म्हटलं, तू माझं ऐकत नाहीस. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, 'आई, आय हर्ड यू.' त्याला ऐकू आलं होतं. मी ऐकण्याबद्दल बोलत होते. त्याला मराठी समजतं, पण या एका क्रियापदातली ही गाठ त्याच्याकडे पोचलेलीच नाही. ताट शेवटी मीच उचललं.

तळटीप
वा! ही गाठ फक्त मराठीत नाही. हिब्रू 'शामा' म्हणजे ऐकणे, आणि आज्ञा मानण्यासाठीही बायबलच्या हिब्रूत मुख्यतः हेच क्रियापद. 'यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे' हे १ शमुवेल १५:२२ सगळ्यांना पाठ असतं. मुळात तिथे ऐकणेच आहे. ग्रीक 'हुपाकुओ'त 'आकुओ', म्हणजे ऐकणे, दडलंय. लॅटिन 'ओबोएदिरे', ज्यावरून इंग्रजी 'ओबे' आलं, त्यात 'आउदिरे', म्हणजे ऐकणे. जर्मन 'गेहोर्खेन'चंही तेच.

आणि 'अनुवाद' नावाचं बायबलातलं पुस्तक आहे, त्याच्या सहाव्या अध्यायातला क्रम पाहा. आधी 'इस्राएला, ऐक'. लगेच पुढच्या वचनात, आपल्या परमेश्वरावर पूर्ण मनाने प्रीती कर. ऐकणं आणि प्रीती एका श्वासात. (अवांतर : नवविधा भक्तीतली पहिली पायरीही श्रवणच. संबंध जोडत नाहीये, नुसतं आठवलं.)

किनारा
वसईहून. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिचा पहिला शब्दच 'ऐक' आहे : ऐक, मुला, आणि आपल्या अंतःकरणाचा कान लाव. धर्मगुरू आणि सिस्टर्सच्या ज्या मठात बेनेडिक्टची परंपरा नाही तिथेही आज्ञापालनाचं व्रत असतंच, दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला. तेव्हा 'आज्ञापालन' अगदीच मोडीत काढू नका.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. तुम्ही सगळे या शब्दांच्या प्रेमात पडलात. 'ऐक' हा शब्द तोंड बंद करायलाही चालतो, विशेषतः सुनेचं. आणि 'माझ्यावर प्रेम असेल तर...' या वाक्याची मला धास्तीच आहे. आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी १४:१५ हेच वचन म्हणून दाखवत घरातल्या मुलीचं शिक्षण थांबवलं होतं. वचन येशूचं, आज्ञा मात्र काकांची. अशा वेळी 'असली तर' हे दोन शब्द दोरखंडासारखे आवळले जातात. त्याचं काय करायचं?

नगरी
किनारा, या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले.

आधी व्याकरण. 'पाळाल' हा भविष्यकाळ आहे. ग्रीक हस्तलिखितांत इथे पाठभेद आहेत, काहींत 'पाळाल', काहींत आज्ञार्थी 'पाळा'. जुन्या इंग्रजी भाषांतराने आज्ञार्थ घेतला. आपल्या मराठीत भविष्यकाळ आहे, आणि मला तोच बरोबर वाटतो. 'भूक लागली तर जेवशील' यात धमकी नाही. 'प्रेम असेल तर ऐक' यात आहे. काकांनी भविष्यकाळाचा आज्ञार्थ केला.

दुसरं, हे वाक्य कोण बोलतंय आणि कधी? त्याच रात्री, जेवणावरून उठून, कमरेला रुमाल बांधून त्याने शिष्यांचे पाय धुतलेत. ते तेराव्या अध्यायात आहे. आणि पंधराव्यात तो म्हणतो, मी तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हटलंय. ज्याने कोणाचे पाय धुतलेले नाहीत त्याने चौदावा अध्याय मधूनच उघडून वाचू नये, असं माझं मत झालंय.

तिसरं, योहानाच्या पहिल्या पत्रात 'त्याच्या आज्ञा कठीण नाहीत' असं येतं (५:३). तिथल्या ग्रीक विशेषणाचा अर्थ 'जड'. मराठीत आपण म्हणतोच ना, हे मला जड जातं. आमची आजी पहाटे पाचला उठून शेळीची धार काढायची, थंडीत, गुडघे दुखत असताना. तिला ते जड जात नव्हतं असं मी म्हणणार नाही, कण्हायची ती. पण शेळी विकून टाक असं वडिलांनी म्हटलं की दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही.

किनारा
काकांनी भविष्यकाळाचा आज्ञार्थ केला, हे पटलं. ती मुलगी आता चाळिशीची आहे. तिला पाठवते हा धागा.

साधा वाचक
मला मत्तय २१ मधले दोन मुलगे आठवले, शाळेत कुठेतरी वाचलेले. एक 'जातो, महाराज' म्हणतो आणि मळ्यात जात नाही. दुसरा 'जात नाही' म्हणतो, मग वाईट वाटून जातो. पहिल्याला मराठीत नेमका शब्द आहे : होयबा. दुसऱ्याला आहे का?

उसगावकरीण
दुसऱ्याला आमच्याकडे 'करवादतो, पण करतो' म्हणायचे. एक शब्द नाही सुचत.

तळटीप
'कुरकुऱ्या' म्हणता येईल, पण त्यात तो मळ्यात गेला हे येत नाही. कोणाला सुचलं तर लिहा.

अवांतर : मराठीत बायबल येऊन दोन शतकं उलटली. मत्तयाचं शुभवर्तमान सेरामपूरला १८०५ साली छापलं गेलं. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये थेट हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं, खेड्यातल्या बायांना कळेल अशा सोप्या मराठीत. छपाईच्या कामाला मिशनमधल्याच बायका होत्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. म्हणजे 'बोलीतला शब्द घ्यावा की संस्कृत' हा नगरींचा प्रश्न काही नवा नाही.

साधा वाचक
नगरी, पत्रकाचं काय झालं शेवटी?

नगरी
'प्रीती आणि ऐकणं' असं करून पाळकांकडे पाठवलं. त्यांचा फोन आला. म्हणाले, चांगलं आहे, पण 'ऐकणं' वाचून पोरं गाण्याचा कार्यक्रम समजतील, स्पीकर कोण आणणार? मग 'प्रीती आणि पाळणं' करून पाहिलं. त्यावर छापखान्यातल्या मुलाने विचारलं, बारशाचं आहे का?

सध्या जुनंच शीर्षक ठेवलंय. खाली बारीक टाइपात योहान २:१० टाकलंय. का, ते सत्रात सांगेन.