लिंबाच्या खोडातून डिंक, पाने पिवळी: झाड वाचेल का?

प्रश्न: कागदी लिंबू, ६ वर्षांचे, भारी काळी जमीन. जमिनीलगत साल तडकून डिंक गळतोय. कोवळी पाने बारीक. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. रोज बुंध्याशी पाणी देतो.

उत्तर १: हा डिंक्या. फायटोप्थोरा बुरशी सतत ओल्या सालीतून शिरते, म्हणून आधी बुंध्याचे पाणी बंद करा. तपकिरी कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत चाकूने खरवडून जाळा. मग बोर्डो मलम: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून, गार झाल्यावर एकत्र करा. खोडाला ३ फुटांपर्यंत लावा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.

उत्तर २: लावण्याआधी मलमात चकचकीत लोखंडी पाते बुडवाच. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय; तसेच लावले तर साल भाजते. पाणी दुहेरी आळ्याने द्या, म्हणजे आतला मातीचा कडा खोड कोरडे ठेवतो.

उत्तर ३: पाने जस्ताची कमतरता सांगतात. झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि चुना २.५ ग्रॅम प्रति लिटर, गाळून नव्या पालवीवर फवारा. साल खोडाभोवती पूर्ण कुजली असेल तर मात्र झाड वाचत नाही. आधी तेच तपासा.